इंजिन बांधायला काढण्याआधी ऑइल पंप मोजा

ज्यांच्या दारात जुना ट्रॅक्टर उभा आहे त्या शेतकऱ्यांसाठी, आणि तो ज्यांच्या हातून दुरुस्त होतो त्या मिस्त्री भावांसाठी हे लिहितो आहे. महिंद्राचा बी-275 असो, मॅसी 1035 असो, एचएमटीचा 2511 असो की फरिदाबादचा जुना आयशर. अशा ट्रॅक्टरचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, घरातल्या दोन पिढ्यांचा त्यावर हात बसलेला असतो आणि पाना, फीलर गेज आणि चांगला लेथवाला यांच्या बळावर नीट होणार नाही असं त्याच्या इंजिनात फारसं काही नसतं. तरीही तो भंगारात जातो. जातो तेव्हा बहुतेक वेळा लोखंड संपलेलं नसतं. ऑइलचं प्रेशर गेलेलं असतं, आणि ते कशाने गेलं हे कुणी मोजून पाहिलेलं नसतं.

माझं सांगणं सरळ आहे. प्रेशर पडलं की आधी मोजा, मग ऑइल पंप उघडा, आणि इंजिन बांधायचं की नाही हे त्यानंतर ठरवा. हे काम रोवणीच्या तोंडावर करू नका. चैत्र-वैशाखात करा.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आषाढात पऱ्हे तयार असतात, बांधीत पाणी असतं, मजूर ठरलेले असतात. केजव्हील लावून चिखलणी चाललेली असते, आणि दुपारी दोनच्या सुमारास मीटरचा काटा खाली बसतो किंवा लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग जो तो आपला उपाय सांगतो. कुणी म्हणतो जाड ऑइल टाका. कुणी रिलीफ वाल्वच्या स्प्रिंगखाली वायसर घालायला सांगतो. एखादा दिव्याची वायरच काढून टाकतो, म्हणजे दिसायलाही नको. शेवटी मिस्त्री म्हणतो, "भाऊ, मेटल गेलं, इंजिन बांधावं लागते." कदाचित त्याचं बरोबरही असेल. पण तेव्हा त्याच्याही हातात मोजमाप नसतं, आणि तुमच्याही हातात थांबायला वेळ नसतो.

एक गैरसमज आधी दूर करू, कारण खर्चाच्या निम्म्या चुका त्यातून होतात. पंप प्रेशर तयार करत नाही. तो फक्त ऑइल ढकलतो, एका फेऱ्यात ठरलेलं माप. त्या ऑइलला पुढे अरुंद वाटेतून जावं लागतं: गॅलरी, मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, कॅमशाफ्टचे बुश, वर रॉकर शाफ्ट. या वाटा अरुंद असतात म्हणून मागे दाब साठतो, आणि तोच काट्यावर दिसतो. म्हणजे काटा पडला तर तीन शक्यता असतात. पंप पुरेसं ऑइल ढकलत नाही, किंवा ढकललेलं ऑइल पुढे कुठेतरी सैल फटीतून वाहून जातं, किंवा ऑइलच इतकं पातळ झालंय की कशातच टिकत नाही. तिन्हींचा खर्च वेगळा, काम वेगळं, दिवस वेगळे.

फटीचं गणित मात्र लक्षात ठेवा. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, जवळपास आठपट होते. पंपाच्या आत गिअर आणि झाकण यांच्यामधली फट डोक्याच्या केसाइतकी असते. ती एका केसाची दोन केस झाली तर डोळ्याला काही दिसणार नाही. पण ऑइल त्या फटीतून मागच्या मागे परत फिरतं आणि पुढे जायचं तेवढं जात नाही. म्हणून पंप हातात घेऊन, फिरवून, "चांगला आहे" म्हणणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याचं ऐकू नका. त्याला म्हणा, भाऊ, गेज लावून सांगा.

आता आपल्या गोंदिया जिल्ह्यात पंप का झिजतो ते बघा. ऑइल चेंबरमधून जाळीतून पंपात येतं, पंपातून फिल्टरला जातं आणि मग बेअरिंगला. म्हणजे बेअरिंगला गाळलेलं ऑइल मिळतं, पण पंपाला न गाळलेलं. जाळी फक्त मोठा कचरा अडवते. जे काही बारीक असेल ते सगळं आधी पंपाच्या दातांमधून जातं. धानाच्या मुलुखात हे बारीक काय असतं? मळणीच्या वेळी उडणारी तुसाची धूळ. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते. तुसाची राख केली तर तिच्यात 85 ते 95 टक्के सिलिकाच निघते. सिलिका म्हणजे वाळूचाच प्रकार. ती एअर क्लीनरमधून आत शिरली की सिलिंडर घासत खाली ऑइलमध्ये उतरते, आणि तिथून पंपात.

म्हणून पंपाची गोष्ट एअर क्लीनरपासून सुरू होते. जुन्या ट्रॅक्टरांत खाली वाटी असलेला ऑइलवाला क्लीनर असतो. मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज संध्याकाळी उघडून बघा. तळाला बोटभर गाळ बसला असेल आणि वरचं ऑइल काळं, घट्ट झालं असेल, तर त्या दिवशी क्लीनरने काम केलेलं नाही. वाटी धुवा, खुणेपर्यंतच ऑइल भरा. खुणेच्या वर भरलंत तर इंजिन ते ऑइल ओढून घेईल. क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाची क्लिप ढिली असेल, तर वाटी कितीही स्वच्छ ठेवून उपयोग नाही. धूळ त्या फटीतून सरळ आत जाते.

चिखलणीचा त्रास वेगळा. इंजिनावर पूर्ण भार, चाल हळू, रेडिएटरवर चिखल आणि गवत. ऑइल तापतं आणि पातळ होतं. दुपारी प्रेशर पडलं आणि सकाळी परत आलं, तर आधी रेडिएटर मागच्या बाजूने धुवा, फॅनचा पट्टा बघा. धुरा ओलांडताना ट्रॅक्टर कलंडतो तेव्हाच काटा पडत असेल तर डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल तर कलंडल्यावर जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. चेंबरमध्ये पाणी गेलं तर ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसतं. असं ऑइल दिसलं तर एक तासही इंजिन चालवू नका.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसणं ही त्याहून फसवी गोष्ट आहे. ऑइल खाणारं जुनं इंजिन अचानक खायचं थांबलं, उलट पातळी वर चढली, तर बरेच जण समाधान मानतात. ऑइल आपोआप वाढत नाही. इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या फीड पंपाचा पडदा फाटला असेल तर डिझेल थेट चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक पुसून बोटांत ऑइल चोळा, वास घ्या, एक थेंब कागदावर टाका. कागदावरचा डाग पसरून त्याच्या कडेला फिकट, ओलसर वर्तुळ उमटलं आणि डिझेलचा वास आला, तर तुमचा ऑइल पंप कदाचित अगदी ठणठणीत असेल. फीड पंप दुरुस्त करा, ऑइल बदला, मग बोला.

हे सगळं बघून झालं की मोजायचं. ट्रॅक्टरच्या पाटीवरचं मीटर वीस-तीस वर्षांचं असतं, त्याच्यावर निकाल देऊ नका. ऑइल दिव्याचा स्विच किंवा मीटरची नळी जिथे ब्लॉकला बसते तिथे चांगलं यांत्रिक प्रेशर गेज लावा. हे गेज महाग नसतं. चुडी मात्र जुळवून घ्या. मॅसी, बी-275 यांचे मूळ आराखडे विलायती, त्यामुळे त्यांच्या बऱ्याच बोल्टांची आणि जोडांची चुडी इंची असते. मिलिमीटरचा जोड जबरदस्तीने फिरवला तर ब्लॉकची चुडी जाते, आणि ते दुखणं पंपाहून महाग पडतं.

गेज लावल्यावर चार आकडे लिहा: थंड इंजिन हळू वेगाला, थंड इंजिन पूर्ण वेगाला, आणि तासभर काम करून गरम झाल्यावर तेच दोन. लिहा म्हणजे खरंच वहीत लिहा. ढोबळ नियम असा की गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांमागे निदान 10 पौंड प्रेशर हवं. पर्किन्सच्या जुन्या तीन सिलिंडर इंजिनांच्या पुस्तकात पूर्ण वेगाला, गरम असताना 30 ते 60 पौंड दिलेले असतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच अंतिम.

हे आकडे बोलतात. थंड असताना भरपूर आणि गरम झाल्यावर हळू वेगाला फार कमी, पण ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा चढतं, तर कुठेतरी फटी वाढल्या आहेत, पंपात किंवा बेअरिंगमध्ये. थंड असो की गरम, हळू असो की जोरात, सगळीकडे सारखंच कमी असेल तर रिलीफ वाल्व उघडा अडकलाय, जाळी बुजली आहे, किंवा पंप ओढण्याच्या बाजूने हवा घेतोय. सकाळी इंजिन सुरू केल्यावर काटा चढायला खूप वेळ लागतो, तर रात्रीतून ऑइल उतरून जातं आणि झिजलेल्या पंपाला ते परत ओढायला वेळ लागतो. अशी सकाळ रोज येत असेल तर बेअरिंग रोज काही क्षण कोरडं फिरतंय. काटा सतत थरथरत असेल तर ओढण्याच्या पाइपाकडे बघा.

आता चेंबर उतरवा. काही ट्रॅक्टरांत ते पत्र्याचं असतं, काहींत ओतीव लोखंडाचं, आणि त्या दुसऱ्या प्रकारात ट्रॅक्टरच्या सांगाड्याचा भार त्याच्यावरच येतो. तिथे इंजिन आणि पुढचा ॲक्सल दोन्हींना भक्कम टेका दिल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका. विटांवर ठेवलेला जॅक हा टेका नव्हे. लाकडी ओंडके, तेही आडवे-उभे रचून. यात घाई केलेल्यांची हाडं मोडलेली मी पाहिली आहेत.

चेंबरच्या तळाचा गाळ लगेच धुऊन टाकू नका. आधी त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, म्हणजे गिअर, टॅपेट, कॅम. चुंबकाला न चिकटणारे चकाकते पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगच्या मेटलचे. मग जाळी बघा. जुन्या पॅकिंगचे तुकडे, आणि आजकाल सगळ्यात जास्त सापडतात ते बॉन्डचे गोळे. चेंबर बसवताना जाडजूड बॉन्ड लावतात. बाहेर निघालेला तेवढाच आतही निघतो, वाळतो, तुटतो आणि जाळीला जाऊन बसतो. मी असे पंप पाहिले आहेत ज्यांच्यात काहीच बिघाड नव्हता, फक्त त्यांचं तोंड बॉन्डने दाबलेलं होतं.

पंप काढायच्या आधी त्याची बसण्याची दिशा आणि दातांची जुळणी खुणेने नोंदवा, फोटो काढा. पंप ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एकात दोन गिअर एकमेकांत फिरतात. दुसऱ्यात आतला रोटर आणि बाहेरचा रोटर, आतल्याला एक पाकळी कमी. पर्किन्सच्या जातीच्या तीन सिलिंडर इंजिनांत रोटरचा पंप पुढच्या मेन बेअरिंगच्या कॅपला बसतो आणि क्रँकच्या गिअरवरून मधल्या गिअरने फिरतो. जात कोणतीही असो, झाकण उघडलं की पहिल्यांदा झाकणाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. गोल चऱ्या लागल्या, नखाला अडकल्या, तर ऑइल त्या चऱ्यांतून परत फिरत होतं.

मग माप. गिअर किंवा रोटर जागेवर ठेवून बॉडीच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरा, आणि पट्टी व गिअर यांच्यामध्ये फीलर गेजचं पान सरकवून बघा. बहुतेक जुन्या पंपांत ही फट मिलिमीटरच्या पाच ते दहा शतांशांत, म्हणजे 0.05 ते 0.10 मध्ये असते. 0.15 चं पान सहज जात असेल तर काम काढायला हवं. दुसरं माप गिअरच्या दाताचं टोक आणि बॉडीची भिंत यांच्यामधलं, तिसरं दोन गिअरच्या दातांमधल्या ढिलाईचं, चौथं शाफ्ट आणि बुशचं. शाफ्ट बोटांत धरून बाजूला हलवला आणि तो डोळ्यांना हललेला दिसला, तर बुश गेला आहे, आणि त्याच्यामुळेच गिअर भिंतीला घासला आहे. पुस्तकातले आकडे इंचाच्या हजारांशात, म्हणजे थाऊत असतील, तर एक थाऊ म्हणजे 0.025 मिलिमीटर इतकं धरून हिशोब करा. थाऊ आणि मिलिमीटरची गल्लत करून चांगला पंप फेकून देणारे आणि वाईट पंप परत बसवणारे, दोन्ही आहेत.

दुरुस्तीत घाबरण्यासारखं काही नाही. झाकणावर चऱ्या असतील तर जाड सपाट काच घ्या, खिडकीची पातळ नव्हे. तिच्यावर 400 नंबरचा वॉटर पेपर पसरवा, थोडं डिझेल टाका आणि झाकण पालथं ठेवून हलक्या हाताने घासा. एकाच दिशेने नाही, फिरवत, दिशा बदलत. चऱ्या निघाल्या की 600 चा कागद. घासलेल्या अंगावर सगळीकडे सारखा राखाडी रंग आला की तोंड सपाट झालं. वरच्या बाजूची फट जास्त असेल तर बॉडीचं तोंडही असंच घासून ती कमी करता येते, पण थोडं घासायचं, धुवायचं, मोजायचं, परत थोडं. जास्त गेलं तर गिअर झाकणाला लागून पंप जाम होतो, आणि फिरवणारा गिअर किंवा त्याची पिन तुटते. काम झाल्यावर डिझेलने, मग स्वच्छ ऑइलने धुवा. घासण्याच्या कागदाचा कण आत राहिला तर सगळी मेहनत उलटी.

बुशचं काम लेथवाल्याचं. गोंदियात राइस मिलांच्या शाफ्ट-बुशची कामं वर्षानुवर्षं करणारे कारागीर आहेत. त्यांना गनमेटलचा बुश ओतीव रॉडातून काढून, बसवून, रीमरने माप देऊन घ्यायला सांगा. माप शाफ्टवरून घ्यायला लावा, अंदाजाने नाही. बॉडीची भिंतच खोल खरडली असेल तर मात्र पंप नवा घ्या. तिथे काटकसर नको. आणि नवा पंपसुद्धा डब्यातून काढल्यावर उघडा आणि त्याच गेजने मोजा. बाजारात नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा असे पंप येतात, आणि त्यातले काही तुमच्या झिजलेल्या पंपाहून सैल निघतात.

रोटरचा पंप असेल तर बाहेरच्या रोटरची एक कडा तासलेली असते, ती बहुधा बॉडीच्या आत जाते. उलटा बसवला तर तो नीट बसत नाही. झाकणाखाली पॅकिंग मुळात नसेल तर लावू नका, बॉन्ड तर मुळीच नको. कागदाच्या एका पॅकिंगने तुम्ही घासून कमी केलेली सगळी फट परत येते. ओढण्याच्या पाइपाचं एक टोक अंगठ्याने बंद करा, पाइप डिझेलच्या परातीत बुडवा आणि दुसऱ्या टोकाने हलकी हवा द्या. बुडबुडा आला तिथे चीर आहे. मग पंप जोडून जाळी ऑइलच्या भांड्यात ठेवा आणि शाफ्ट फिरवत आउटलेटवर अंगठा दाबून धरा. चांगला पंप अंगठ्याला मागे ढकलतो. हे एकदा बोटाने अनुभवलं की कळतं आपण काय दुरुस्त केलं.

रिलीफ वाल्वबद्दल थोडं कडक बोलतो. त्याचं काम जास्तीचं प्रेशर सोडून देणं. त्याचा दट्टा ओरखडलेला असेल, त्याच्या बसण्याच्या जागी कचरा असेल, स्प्रिंग आखूड झाली असेल तर ते दुरुस्त करा, स्प्रिंग पुस्तकातल्या लांबीची घ्या. पण स्प्रिंग ताणून किंवा खाली वायसर घालून प्रेशर "वाढवणं" बंद करा. गरम इंजिनात हळू वेगाला वाल्व मुळात बंदच असतो, त्यामुळे तुमचं खरं दुखणं, दुपारचं पडलेलं प्रेशर, वायसरने एक पौंडही वाढत नाही. वाढतं ते फक्त सकाळचं, थंड ऑइलचं. गोंदियाची थंडी विदर्भात सगळ्यात जास्त असते हे पौषात आपण सगळेच अनुभवतो. अशा सकाळी जाड ऑइल आणि वायसर लावलेला वाल्व असला की प्रेशर भलतंच चढतं, फिल्टरचं पॅकिंग फुटतं आणि पंप फिरवणाऱ्या गिअरवर ताण येतो. जाड ऑइल टाकण्याचंही तसंच. थोडे दिवस काटा बरा दिसतो, पण थंडीत ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. पुस्तकाने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला.

चेंबर खाली आहेच, तर बेअरिंग बघितल्याशिवाय झाकू नका. एक मेन आणि एक कनेक्टिंग रॉडची कॅप उघडा. मेटलचा रंग सगळीकडे सारखा राखाडी असेल तर बरं. तांब्याचा लालसर रंग दिसायला लागला असेल तर वरचा थर गेला. फट मोजायला प्लास्टिगेजचा धागा मिळतो; तो जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने कसायची, परत उघडायची आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर बघायची. क्रँक फिरवायचा नाही. फट हद्दीत असेल तर मेटल तसंच ठेवा. गेली असेल आणि जर्नल गोल असेल तर नवं मेटल. जर्नल ओरखडलं असेल किंवा लांबट झालं असेल तर मात्र क्रँक ग्राइंडिंगला न्यावा लागेल, दहा, वीस किंवा तीस थाऊ कमी करून त्या साईजचं मेटल घालावं लागेल. मिस्त्रीचं "इंजिन बांधावं लागते" हे वाक्य खरं ठरायचं असेल तर ते इथे ठरतं, गेजच्या पट्टीवर. आणि तसं ठरलं तर नव्या मेटलबरोबर जुना सैल पंप बसवण्याची चूक करू नका. पुष्कळ जण एवढा खर्च करून नेमकं तेच करतात.

बसवताना पंपात आणि फिल्टरमध्ये स्वच्छ ऑइल भरा, म्हणजे पंप पहिल्याच फेऱ्यात ओढेल. ग्रीस भरू नका. लॉक प्लेट, पिना नव्या घ्या. इंजिन एकदम सुरू करू नका. स्टॉपची दांडी ओढून धरून, डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, मध्ये विश्रांती देत, काटा हलेपर्यंत. मग सुरू करा. दहा-पंधरा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर बंद करा आणि कारण शोधा. नंतर तेच चार आकडे पुन्हा मोजा आणि वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा. जुनं ऑइल बोडीत किंवा नाल्यात सोडू नका. ज्या बोडीचं पाणी बांधीला जातं तिच्यावर काळा तवंग आलेला कुणालाच नको असतो. डब्यात साठवा आणि वापरलेलं ऑइल विकत घेणाऱ्याला द्या.

आता वेळेबद्दल. इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्यांचा मे महिना कापणी-मळणीत जातो, त्यांनी हे काम मार्चमध्ये, धान बांधीत उभं असताना उरकावं. बाकीच्यांना अक्षय तृतीयेपासून रोहिणी निघेपर्यंतचे दिवस आहेत. तेव्हा लेथवाल्याकडे गर्दी नसते, सुट्या भागांसाठी नागपूरला माणूस पाठवून दोन-तीन दिवस थांबता येतं. सुट्या भागांची वाट बघावीच लागते. बी-275 साठी 1963 मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली आणि 1977 मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. त्या घराण्याचे भाग अजून मिळतात. मॅसीचेही मिळतात. पिंजोरच्या एचएमटीचं तसं नाही. 1971 पासून तिथे ट्रॅक्टर बनत होते, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. ज्यांच्याकडे 2511 आहे त्यांनी पंप दुरुस्त करायला लांबवू नये, आणि काढलेला जुना पंप भंगारात तर मुळीच घालू नये. त्याचा गिअर, त्याची बॉडी, उद्या शेजारच्या गावात कुणाला लागेल.

मिस्त्री भावांना माझी मागणी अशी. गिऱ्हाइकाला जुने भाग परत द्या आणि मापं कागदावर लिहून द्या: आधीचं प्रेशर, पंपाची फट, बेअरिंगची फट, नंतरचं प्रेशर. तुमचं काम चांगलं असेल तर हा कागदच तुमच्याकडे पुढचं गिऱ्हाईक घेऊन येईल. शेतकऱ्यांनी हा कागद मागावा, आणि मोजायला लागणाऱ्या वेळाची मजुरी कुरकुर न करता द्यावी. मोजण्याच्या कामाला आपण पैसे देत नाही म्हणूनच कुणी मोजत नाही.

एका शेतकऱ्याने प्रेशर गेज, फीलर गेज, सरळ पट्टी आणि मॉडेलचं पुस्तक एकट्याने घ्यायची गरज नाही. गावातल्या सेवा सहकारी संस्थेने किंवा एखाद्या बचत गटाने हा संच घ्यावा आणि नाव लिहून द्यावा-घ्यावा. जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ट्रॅक्टर आणि डिझेलच्या मुलांना मे महिन्यात गावात आणावं. तयार मॉडेलवर शिकण्यापेक्षा एका झिजलेल्या पंपाची चार मापं घेऊन ती मुलं जास्त शिकतील. हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राने रोवणीच्या आधी एक दिवस असा ठेवावा की ज्याला वाटेल त्याने आपला जुना ट्रॅक्टर आणावा आणि गेज लावून प्रेशर मोजून घ्यावं, दुरुस्ती करो वा न करो. या वर्षी पऱ्हे टाकायच्या आधी तुमच्या गावात कुणी हे करत नसेल, तर गेज तुम्ही आणा आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही लावून द्या.